पावडरच्या दिवसासाठी रुंद, खेळकर स्की कशी निवडायची: नाशिकहून गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी

रुंद स्की घ्यायची म्हटलं की आधी एकच आकडा विचारला जातो: कंबर, म्हणजे बुटाखालची मधली रुंदी, किती मिलिमीटर? निवड बहुधा इथेच फसते. ११२ मिमीची एक स्की गुडघाभर ताज्या भुसभुशीत बर्फात, म्हणजे पावडरमध्ये, मासोळीसारखी वळते. दुसरी, तीही ११२चीच, त्याच उतारावर रूळ धरल्यासारखी सरळ पळते आणि ऐकतच नाही. फरक पडतो तो टोकांना किती उचल आहे, स्की कुठे लवते, वजन किती आहे आणि बूट स्कीच्या लांबीवर नेमका कुठे बसवला आहे यावर. रुंदी महत्त्वाची आहेच, पण ती या यादीत शेवटून दुसरी धरा.

ज्यांना दाबून सपाट केलेल्या उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून वळता येतं आणि आता ताज्या बर्फात उतरायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अजून पाचरीसारखा 'व्ही' करून थांबत असाल तर रुंद स्की तुम्हाला शिकू देणार नाही. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला ती उशीर लावते. तोवर ७५ ते ८५ मिमीची भाड्याची स्कीच बरी.

आधी बर्फ कसा आहे ते बघा

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या केबल कारचा, पहिला टप्पा मधल्या कोंगडोरी स्टेशनला सोडतो आणि दुसरा टप्पा अफरवत पर्वताच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटरपर्यंत नेतो. कळसूबाई १,६४६ मीटर. एकावर एक दोन कळसूबाई रचल्या तरी गोंडोलाचं वरचं स्टेशन उरतंच. वरच्या टप्प्याच्या बाहेर उतार दाबलेले नसतात. जो पडेल तो बर्फ तसाच मिळतो.

बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळं. एक येतो, दोन-तीन दिवस कोसळतो, मग उघडीप. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना काश्मीरमध्ये चिल्लई कलान म्हणतात. थंडी सर्वांत कडक याच काळात असते आणि बर्फ कोरडा राहतो. फेब्रुवारीतही मोठे हिमपात होतात. मार्च लागला की दुपारच्या उन्हाने तोच बर्फ जड होतो आणि रात्री वर कडक पापुद्रा धरतो. ताज्या कोरड्या बर्फाचं वजन घनमीटरला ५० ते १०० किलो असतं, ओलसर बर्फाचं २०० किलोच्या वर जातं. पहिल्यात स्की खोल बुडते पण वळवायला हलकी वाटते. दुसऱ्यात ती फार बुडत नाही, मात्र टोक अडकलं तर गुडघा पिळला जातो.

म्हणजे आठ-दहा दिवसांच्या सहलीत खरी पावडर काही दिवसच असणार. उरलेले दिवस चिरलेला, दुसऱ्यांनी तुडवलेला, कुठे कडक कुठे मऊ असा बर्फ मिळेल. वर वारा असला किंवा हिमस्खलनाचा धोका असला की दुसरा टप्पा बंद ठेवतात. मग सगळे खाली कोंगडोरीच्या उतारावर आणि झाडांमध्ये. तुमची स्की या सगळ्या दिवसांसाठी हवी. फोटोतल्या एका दिवसासाठी घेतलेली १२५ मिमीची फळी बाकी दिवस पायाला ओझं होते.

रुंदीचा हिशेब

इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील का लावतात ते सगळ्यांना माहीत आहे. भार जास्त जागेवर पसरला की चाक रुतत नाही. स्कीचं गणित तेच, आणि ते कागदावर करून बघण्यासारखं आहे.

माणूस ७५ किलो, कपडे-बूट-पाठपिशवी १० किलो, एकूण ८५ किलो. नुसत्या बुटांच्या तळव्याचं क्षेत्रफळ दोन्ही मिळून सुमारे ६०० चौरस सेंमी. दर चौरस सेंमीवर १४० ग्रॅम भार. म्हणून स्की काढली की माणूस मांडीपर्यंत जातो. आता १७० सेंमी लांब आणि सरासरी ९.८ सेंमी रुंद अशी नेहमीची स्की घ्या: दोन मिळून साधारण ३,३०० चौरस सेंमी, भार २६ ग्रॅम. १८४ सेंमीची, कमरेला ११२ मिमी आणि सरासरी १२ सेंमी रुंद स्की: दोन मिळून ४,४००, भार १९ ग्रॅम. दाब पाव हिश्शाने उतरला. आता कंबर ११२ची १२२ केली तर आणखी किती उतरतो? जेमतेम दीड ग्रॅम. पहिल्या उडीत बरंच हाती लागतं, दुसरीत थोडं, आणि त्या थोड्याची किंमत मात्र रोज मोजावी लागते.

ती किंमत अशी. कडक बर्फावर वळायचं तर स्की कडेवर उभी करावी लागते. ८० मिमीच्या स्कीत कड पायाच्या मध्यरेषेपासून ४० मिमीवर असते, ११२ मिमीच्या स्कीत ५६ मिमीवर. तरफ लांबली की घोट्या-गुडघ्यावरचा जोर वाढतो. दिवसभर कडक उतारावर रुंद स्की घातली की संध्याकाळी गुडघ्याची आतली बाजू दुखते ती यामुळे.

दुसरी गोष्ट वेगाची. गंगापूर धरणावरच्या बोट क्लबची स्पीड बोट थांबलेली असताना पाण्यात बसलेली दिसते आणि वेग घेताच नाक वर काढते. स्कीही तशीच वर येते. सावकाश, घाबरत उतरणाऱ्याला जास्त रुंद स्की लागते आणि जरा वेगाने जाणाऱ्याला कमी.

आमचा कल स्पष्ट आहे. वजन ६० किलोच्या आत असेल तर १०२ ते १०८ मिमी, ६० ते ८० किलोला १०६ ते ११४, त्याच्या वर ११२ ते ११८. एकच स्की घेणार असाल तर आपल्या पट्ट्यातला खालचा आकडा धरा. १२० मिमीच्या पुढची स्की ज्यांच्याकडे आधीच दुसरी अरुंद जोडी आहे त्यांनी घ्यावी.

'खेळकर' म्हणजे नेमकं काय

दुकानदार कुठल्याही रंगीत स्कीला खेळकर म्हणतो. पण त्यामागे मोजता येतील अशा चार गोष्टी आहेत, आणि त्या हातात टेप घेऊन तपासता येतात.

पहिली, रॉकर, म्हणजे स्कीच्या टोकांना दिलेली वरची उचल. दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा, मधोमध हलकेच दाबा आणि टोकाकडे बघा: दोन तळ एकमेकांपासून कुठून सुटतात? खेळकर पावडर स्कीत पुढून ३० ते ४० सेंमी आणि मागून २० ते ३० सेंमी आधीच सुटलेले दिसतात. पुढची उचल टोक वर ठेवते. मागची उचल शेपटी सोडवते, त्यामुळे वळण मध्येच घसरवता येतं, म्हणजे कडेवर कापत न जाता लोणी पसरवल्यासारखं आडवं सरकता येतं. पायाखाली मात्र थोडा कॅम्बर, म्हणजे कमानीसारखा वर उचललेला बाक, हवाच. न दाबता तळ एकमेकांवर ठेवले तर मध्यभागी दोन-पाच मिमी फट दिसली पाहिजे. फट अजिबात नसेल तर गोंडोलाकडे परत नेणाऱ्या कडक आडव्या वाटेवर स्की खाली घसरत राहील.

या कल्पनेचा टोकाचा नमुना २००२ साली आला: शेन मॅक्कॉन्की या स्कीपटूच्या आग्रहातून व्होलंट कंपनीने काढलेली स्पॅट्युला. पायाखाली कॅम्बरच्या उलटा बाक, कडांचा वक्रही उलटा, म्हणजे कंबर टोकांपेक्षा रुंद. कल्पना पाण्यावरच्या स्कीवरून घेतलेली. खोल बर्फात ती अफलातून चालायची, कडक बर्फावर मात्र तिला ताब्यात ठेवणं अवघड. आजच्या खेळकर स्की म्हणजे त्या वेडाला घातलेला आवर.

दुसरी, टोकाचा निमुळतेपणा. सर्वांत रुंद जागा अगदी टोकाशी असेल तर टोक बर्फात अडकतं आणि वळणाला स्वतःहून ओढ घेतं. ती जागा टोकापासून १५-२० सेंमी मागे आणलेली असली की ओढ कमी होते. आकड्यांवरून हे कळत नाही. १४०-११२-१३२ (टोक-कंबर-शेपटी) अशी मापं दोन स्कींवर सारखी असू शकतात. वरून बघूनच समजतं.

तिसरी, लवचीकता. स्कीची शेपटी सतरंजीवर टेकवा, एका हाताने टोक धरा आणि दुसऱ्या हाताने मधोमध दाबा. टोकं सहज लवली पाहिजेत, पायाखालचा भाग लवू नये. आता उलटी धरून शेपटीही तशीच बघा. शेपटी टोकाइतकीच मऊ असेल आणि तुमचं वजन ८० किलोच्या वर असेल तर ती स्की सोडा. मागे जरा वजन गेलं की ती आधार देणार नाही, पाठीवर पाडेल. आत धातूचा, म्हणजे टायटॅनलचा, पूर्ण थर असेल तर स्की शांत आणि जड होते. खेळकरपणा कमी होतो. नुसत्या लाकडाचा गाभा (पॉप्लर, पॉलोनिया, अ‍ॅस्पेन) असलेल्या स्की उसळतात.

चौथी गोष्ट बूट बसवायच्या जागेची, आणि तिच्याबद्दल कोणी विचारतच नाही. तिच्यावर जरा थांबू.

बुटाची जागा: दोन सेंटिमीटरचा खेळ

टोकापासून शेपटीपर्यंत टेप ताणून सरळ माप घ्या. त्याचं निम्मं म्हणजे स्कीचा खरा मध्य. तिथे मास्किंग टेप चिकटवा. आता स्कीवर छापलेली शिफारशीची रेघ शोधा; बुटाच्या तळव्याच्या बाजूला मधोमध असलेली खूण या रेघेवर येते. रेघ मध्यापासून किती मागे आहे ते मोजा. उदाहरणार्थ, सरळ माप १८२.५ सेंमी भरलं, तर मध्य शेपटीपासून ९१.२५ सेंमीवर. रेघ शेपटीपासून ८६.५ सेंमीवर असेल तर ती मध्याच्या पावणेपाच सेंमी मागे आहे. याला उणे पावणेपाच म्हणतात.

उणे २ ते उणे ६: खेळकर. पुढे-मागे जवळजवळ सारखी लांबी, हवेत आणि वळणात फिरवायला सोपी, उलटं, म्हणजे पाठीकडे, उतरता येतं. उणे ८ ते उणे १२: दिशेची स्की. पुढे लांब नाक, खोल बर्फात आपोआप वर राहते, नडगी बुटाच्या जिभेवर दाबून चालवायची. दोन्ही चांगल्या असतात. चूक होते ती दिशेच्या स्कीवर वाढलेला माणूस खेळकर स्कीवर तसाच पुढे झुकतो तेव्हा. पुढे नाकच कमी उरलेलं असतं. तो झुकला की टोक बर्फाखाली जातं आणि माणूस कोलांटी खातो. मग तो घाबरून मागे बसतो, दोन उतारांत मांड्या पेटतात आणि दोष स्कीला लागतो. खेळकर स्कीवर उभं राहायचं ते मधोमध, घोटे वाकवून, वजन दोन्ही पायांवर जवळपास सारखं. कडक बर्फावर शिकवलेला 'बाहेरच्या पायावर वजन' हा धडा खोल बर्फात अर्धाच लागू पडतो. सगळं वजन एका पायावर टाकलं की तो पाय बुडतो.

रेघेपासून हलवायचं असेल तर एका वेळी एक सेंटिमीटर. खोल बर्फ, जड अंगकाठी, लाजरा वेग: एक सेंमी मागे. झाडांमधली चटपटीत वळणं आवडतात: रेघेवरच. रेघेच्या पुढे जायचं कारण फक्त उड्या मारणाऱ्यांना असतं.

लांबी

रॉकर स्की मापाने लांब, चालवायला आखूड. १८४ सेंमीच्या स्कीतली ११०-१२० सेंमीच सपाट बर्फाला टेकते. म्हणून उंचीएवढी घ्यायची जुनी सवय इथे मोडावी लागते. उंची १७२ आणि वजन ७५ किलो असेल तर १८० ते १८६ सेंमी. वजन ६५ असेल तर १७६ ते १८०. उंची १६० आणि वजन ५५ किलोच्या बाईला १६५ ते १७२. उंची आणि वजन वेगवेगळं सांगत असतील तर वजनाचं ऐका; बर्फाला उंची कळत नाही. दोन मापांमध्ये अडकलात आणि झाडांतून जायचं असेल तर लहान, उघड्या उतारावर जायचं असेल तर मोठं.

वजनाचा आकडा एका स्कीचा बघा. १८४ सेंमीला १,८०० ते २,१०० ग्रॅम हा मधला पट्टा. १,७००च्या खालची स्की ताज्या बर्फात पिसासारखी, पण दुपारी चिरलेल्या बर्फात गाडी खड्ड्यांतून जावी तशी आदळत राहते.

काही नावं

मॉडेल दरवर्षी रंग बदलतात आणि अधूनमधून आकारही, म्हणून नावापेक्षा वरच्या चार तपासण्या धरा. तरी सुरुवातीला पाहण्याजोग्या: अ‍ॅटॉमिक बेंट ११० (हलकी, मऊ, सर्फसारखी), सॉलोमन क्यूएसटी ब्लँक (११२ मिमी, जरा वजनदार, चिरलेल्या बर्फात शांत), मोमेंट वाइल्डकॅट (११६ मिमी), आर्माडा एआरव्ही ११६ जेजे. ब्लिझर्ड रस्टलर ११ यांच्या शेजारी ठेवतात, पण तिच्यात धातू आहे आणि स्वभाव दिशेच्या स्कीकडे झुकतो. खेळायचं कमी, पण धीटपणे उतरायचं जास्त असेल तर ती.

विकत घेण्याआधी भाड्याने

नाशिकमध्ये स्की लावून बघायची सोय नाही, आणि परदेशातून न बघता मागवलेली जोडी परत पाठवणं परवडत नाही. त्यामुळे पहिल्या सहलीत फक्त बूट स्वतःचे घ्या, स्की भाड्याने. बूट पायाला बसलेला नसेल तर कोणतीही स्की ऐकत नाही. टाच उचलली जाऊ नये, बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघा पुढे वाकवताच थोडी मागे सरकावीत. बूट घालून बघताना पायात ज्यावर वापरणार तोच एक पातळ मोजा हवा. दोन मोजे घातले की पाय गारठतो.

गुलमर्गच्या भाड्याच्या दुकानात 'पावडर स्की द्या' म्हणू नका. कंबर किती, लांबी किती, बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, रुळावर सरकणारं आहे का, हे विचारा. सरकणारं बाइंडिंग असेल तर मोठा फायदा: सकाळी रेघेवर, दुपारी एक सेंमी मागे, असं एकाच स्कीवर तपासता येतं. तीन दिवसांत तीन स्की घ्या, साधारण १०५, ११२ आणि ११८ मिमीच्या, आणि प्रत्येकीवर तेच तीन तुकडे उतरा: ताजा बर्फ, झाडांतली अरुंद वाट, आणि शेवटची कडक आडवी वाट. संध्याकाळी वहीत तीनच ओळी लिहा. टोक बुडालं का? झाडासमोर वेळेत वळली का? आडव्या वाटेवर घसरली का? 'मजा आली' ही नोंद काही कामाची नाही. पावडरमध्ये सगळ्यांनाच मजा येते.

भाड्याची स्की उचलताना बूट अडकवून बाइंडिंगचा पुढचा दाब बघा. मागच्या भागावरची खूण ठरलेल्या पट्ट्यात हवी. आधीच्या गिऱ्हाइकाचा बूट लांब असेल तर तुमचा बूट सैल बसतो आणि स्की नको तिथे सुटते.

जुनी जोडी मिळत असेल तर अंगठा कडेवरून फिरवा. केसासारखी भेग चालते. कड बाहेर आलेली असेल किंवा कडेलगत थर सुटलेला असेल तर नाही. तळात लाकूड दिसेपर्यंत खड्डा असेल, तोही पायाखाली कडेजवळ, तर सोडून द्या. बाइंडिंगची जुनी भोकं मोजा. नवं भोक जुन्यापासून, मध्य ते मध्य, निदान एक सेंमी लांब हवं. दोनदा बसवलेल्या स्कीत तिसऱ्यांदा जागा सापडणं मुश्कील.

बाइंडिंग

ब्रेकची, म्हणजे सुटलेली स्की थांबवणाऱ्या दोन दांड्यांची, रुंदी कमरेएवढी किंवा जास्तीत जास्त १५ मिमी जास्त. ११२ मिमीच्या स्कीला ११५ किंवा १२० मिमीचा ब्रेक. अरुंद ब्रेक स्कीच्या कडेवर अडकतो आणि उघडतच नाही. फार रुंद ब्रेक वळताना बर्फात ओढला जातो.

बुटाचा तळवा कोणत्या मानकाचा आहे ते त्याच्यावरच कोरलेलं असतं: जुना सपाट अल्पाइन म्हणजे आयएसओ ५३५५, वळणदार ग्रिपवॉक म्हणजे २३२२३, चढाईचा टूरिंग म्हणजे ९५२३. बाइंडिंगने तो स्वीकारला पाहिजे. 'बसतंय ना' हे पुरेसं नाही; बसतं, पण पडल्यावर सुटत नाही.

किती जोरावर बाइंडिंग सुटावं तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमची उतरण्याची तऱ्हा यांवरून तक्त्यात काढतात. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी तो कमी धरतात. वय आणि वजन खरं सांगा. 'खोल बर्फात स्की हरवेल' म्हणून आकडा वाढवणं हा गुडघ्याशी केलेला जुगार आहे. हरवू नये म्हणून पावडर स्ट्रॅप असतो: दोन-अडीच मीटर झगझगीत रंगाची फीत, एक टोक बाइंडिंगला, बाकीची पँटच्या पायात कोंबलेली. स्की सुटली की फीत बर्फावर पसरते आणि तासभर काठीने खोदायची वेळ येत नाही.

भोकं पाडताना ड्रिलच्या बिटचं माप (जाडी × खोली) स्कीवर छापलेलं असतं: धातू नसलेल्या स्कीला बहुधा ३.६ × ९.५ मिमी, धातूच्या थराला ४.१ × ९. घरच्या ड्रिलने कागदी साच्यावर भोकं पाडणारे आहेत. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये मिलिमीटरचा दहावा भाग सांभाळणारे कारागीरही आहेत, हे खरं. पण खोली अर्धा मिलिमीटर चुकली तरी तळाला फुगवटा येतो, आणि पुढचा-मागचा दाब लावून सुटण्याची चाचणी घ्यायला यंत्र लागतं. हे काम स्कीच्याच कार्यशाळेत करून घ्या.

पहिल्या उताराआधी

नव्या स्कीच्या कडा कारखान्यातून टोकापासून शेपटीपर्यंत धारदार येतात. खेळकर स्कीला ते जाचक. जिथे रॉकर सुरू होतो तिथून पुढे आणि मागे गमी स्टोनने, म्हणजे घासायच्या रबरी दगडाने, धार बोथट करून टाका. पायाखालच्या कडेला हात लावू नका. स्की बर्फात विनाकारण ओढ घेते अशी तक्रार या दहा मिनिटांच्या कामाने बऱ्याचदा मिटते.

मेण बर्फाच्या तापमानाला जुळणारं लावा. कडक थंडीत मऊ मेण लावलं तर बर्फाचे टोकदार कण त्यात रुततात आणि सपाटीवर पाय धरल्यासारखे वाटतात. इस्त्री मेणाच्या पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला, बहुधा १२० ते १४० अंश. धूर निघाला म्हणजे जास्त झाली. एका जागी थांबवू नका. पूर्ण गार होऊ द्या, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, नायलॉनच्या ब्रशने टोकाकडून शेपटीकडे घासा. घरातली वाफेची इस्त्री नको. तिची भोकं मेण पिऊन बसतात आणि मग शर्टावर ओकतात.

बाइंडिंगमध्ये पाय घालण्याआधी बुटाच्या तळव्याखालचा बर्फ काठीने खरवडायचा. गोठलेला एक सेंटिमीटरचा गोळा राहिला तरी टाच बसल्यासारखी वाटते आणि तिसऱ्या वळणाला सुटते. उतारावर पडून स्की सुटली तर आधी बर्फ तुडवून चौथरा करा, उताराच्या खालच्या बाजूची स्की आधी घाला.

रुंद स्की दाबलेल्या वाटेबाहेरच्या मोहात नेते, म्हणून एवढं सांगितलंच पाहिजे: ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा संकेत देणारं-घेणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर, आणि ते वापरायचा सराव आधी झालेला. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा आणि गोंडोलाजवळच्या स्की पेट्रोलचं, म्हणजे गस्ती पथकाचं, म्हणणं रोज सकाळी बघा. झाडाच्या बुंध्याभोवती पोकळ विहीर तयार होते. झाडांतून उतरताना जोडीदार नजरेआड होऊ देऊ नका.

नेणं आणि सांभाळणं

स्कीची जोडी चार किलो, बाइंडिंग दोन, बूट चार, काठ्या अर्धा, पिशवी दोन: साडेबारा किलो झाले. विमानात सामानाची मर्यादा १५ किलो असेल तर कपड्यांना अडीच उरतात. म्हणून बूट पाठपिशवीत, हातातल्या सामानात न्या. तसंही बूट हरवले तर सहल बुडते. स्की हरवली तर भाड्याने मिळते. लांब पिशवीची नोंद तिकीट काढतानाच करा. रेल्वेने जाणाऱ्यांना मनमाडहून झेलम एक्स्प्रेस जम्मूला नेते, आणि कटरा ते श्रीनगर वंदे भारत जून २०२५ पासून धावते. श्रीनगरहून गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. ताजा बर्फ असेल तर शेवटचे तेरा किलोमीटर, टंगमर्गपासून वर, साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाडीनेच जाता येतं. वादळाच्या दिवशी संध्याकाळी पोहोचायचा बेत आखू नका.

परत आल्यावर खरी परीक्षा जूनमध्ये. नाशिकच्या पावसाळ्यात, त्र्यंबककडे तर विशेष, कडा आठवड्यात तांबूस होतात. कडा कोरड्या पुसा, गंज असेल तर गमी स्टोनने काढा, मग तळावर आणि कडांवर जाड मेण ओता आणि ते खरवडू नका, डिसेंबरमध्ये खरवडायचं. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात तिथे मेणच नाही तर गोंदही तापतो. दोन्ही स्की मधोमध पट्ट्याने करकचून आवळू नका, नाहीतर कॅम्बर मरतो. बाइंडिंगचा आकडा उतरवून ठेवायची काही गरज नाही. उतरवला की पुढच्या हंगामात चढवायचा राहून जातो. बुटांचे आतले अस्तर काढून पंख्याखाली वाळवा, परत घाला आणि बकल हलके लावून ठेवा, म्हणजे प्लास्टिकचं कवच उघडं राहून वाकत नाही.